वहिनीचा हीटर, दादाची तार

आमच्या वहिनीसारखी सोशिक बाई मला बघवत नाही. हे कौतुक नव्हे, चिडून सांगतेय.

वहिनी कारखान्यांना लागणारे विजेचे हीटर जोडायची. आपल्या मोरीतले नव्हेत. माणसाच्या उंचीची लोखंडी नळकांडी. आत सळ्यांचा जुडगा. एका तोंडाने थंड तेल नाहीतर हवा आत शिरते, सळ्यांना घासत जाते आणि दुसऱ्या तोंडाने तापून बाहेर पडते. सळीत पांढरी पावडर ठासून भरायची, सळी वाकवायची, मग जुडगा बांधायचा. वहिनीने बांधलेला जुडगा नळकांड्यात असा सरकायचा की हातोडीला कामच नाही. मालक तिला तपासणीची मुख्य करणार होते. तिने स्वतः कुणाला सांगितलं नव्हतं, पण मी गल्लीभर सांगून मोकळी झाले होते.

आडवा आला तो साबणाचा कारखाना. तिथे तेल तापवायला वहिनीच्या हातचा हीटर, आणि तो चालवायला आमचा दादा. नवराबायकोचा संसार तिथेही चाललाय, म्हणून मी दोघांना चिडवायचे. पण हीटर टिकेनात. एक जळला, बदलून दिला, तर दुसराही जळला.

दादा घरी येऊन नाकाने कांदे सोलायचा. "तुमच्या लोकांना सळ्या भरता येत नाहीत."

"तेल वाहत नसताना वीज लावली की सळ्या जळणारच," वहिनी म्हणायची. "म्हणून तर फ्लो स्विच दिलाय. तेल थांबलं की तो वीज तोडतो. त्याला कुणी हात लावत नाही ना?"

"छे! मी असताना?" दादा म्हणजे अगदी धुतल्या तांदळासारखा!

तिसराही जळून परत आला तेव्हा मालकांनी वहिनीला बजावलं, "खोलून बघ आणि चूक कुणाची ते उद्या सांग. आपली असेल तर तू पॅकिंगला." वहिनीने स्विचची डबी उघडली. आतली दोन टोकं तांब्याच्या तारेने थेट जोडलेली. म्हणजे स्विच असून नसल्यासारखा. तारेवर निळी टेप, आणि टेपचं टोक दुमडलेलं, पुढच्या वेळी नखाने शोधत बसायला नको म्हणून. आमच्या घरातली इस्त्री, छत्री, माझा चष्मासुद्धा दादाने तसाच चिकटवलाय. वहिनीने तार काढून पर्समध्ये टाकली.

संध्याकाळी तिने ती त्याच्यापुढे ठेवली. दादाचा चेहरा उतरला, पण तोंड चालूच.

"मग काय करू? सकाळी तेल थिजलेलं असतं. नीट वाहत नाही, म्हणून तुझा स्विच वीजच घेऊ देत नाही. लाइन थांबली की शिव्या मी खायच्या."

"नुसता पंप लावून थोडं थांबायचं. तेल वाहायला लागलं की स्विच आपोआप वीज जोडतो."

"थांबायचं म्हणे! सुपरवायझर थांबू देतो होय?" मग तो एकदम खालच्या पट्टीत आला. "हे बघ, मालकांना सांगू नकोस. मला हाकलतील गं."

माझं डोकंच फिरलं. "वहिनी, तू सांगच! जाऊ दे याची नोकरी! निस्तरेल तो."

वहिनीने तार उचलून परत पर्समध्ये टाकली. दुसऱ्या दिवशी तिने मालकांना सांगितलं, "पावडर भरताना माझ्याकडूनच कमी पडलं असेल." मालकांना वाईट वाटलं म्हणे. वाटून काय उपयोग? त्यांनी तिला पॅकिंगला बसवलं. आता दुसऱ्यांनी बांधलेल्या हीटरांना ती थर्माकोल लावते, खोक्याला पट्टी मारते. तिच्या हाताला इतकी जाण, आणि काम काय, तर खोकी! मी दादाशी बोलणं टाकलं. ती मात्र त्याचा डबा रोज भरून देते.

परवा जेवताना दादा स्वतःहूनच बोलला. "नवा हीटरही गेला. तुझ्या जागी कुणी नवखी बसवलीय वाटतं. काही दम नाही तिच्या कामात. तुझे बरे टिकायचे."

वहिनीने त्याच्याकडे पाहिलं. "पंप आधी लावला होता का?"

"सकाळी कुठे वेळ असतो गं?" असं म्हणून त्याने ताट पुढे केलं.

वहिनीने वाढलं.