पहिल्या फेरीतला कोल्हापूरकर

आमची फुटबॉल लीग चार टीम्सची. लंडनमधल्या क्रॉयडन आणि आसपासची मराठी मंडळी, एका शाळेमागचे भाड्याचे मैदान, कृत्रिम गवत, मे ते जुलैमधले शनिवार, तासाभराचा सामना. पहिल्या वर्षी खेळाडू आयपीएलसारखे लिलावाने घेतले होते. लिलाव खोटा होता, पण कोण स्वस्तात गेला हे लोकांनी खरे धरले आणि दोन घरांमधला अबोला दिवाळीच्या फराळापर्यंत टिकला. पुढच्या वर्षापासून ड्राफ्ट आला. कोणाच्या तरी न्यू जर्सीतल्या भावाने तो सुचवला. चार कॅप्टन चिठ्ठ्या काढतात. पहिली चिठ्ठी ज्याची, तो सगळ्यांच्या आधी खेळाडू निवडतो. दुसऱ्या फेरीत मात्र त्याची पाळी सगळ्यांच्या शेवटी. म्हणजे पहिली निवड चुकली तर सीझन गेला.

सामन्यांचा रिपोर्ट मी लिहिते. इथे येण्यापूर्वी पुण्यात एका दैनिकाच्या डेस्कवर नऊ वर्षे काम केले होते. रिपोर्ट शनिवारी संध्याकाळी व्हॉट्सॲप ग्रुपवर जातो. डेस्कवर शिकवलेले अजून पाळते: घडले ते लिहायचे, विशेषणे कापायची, आणि कोणी सांगितल्याशिवाय कारण लिहायचे नाही.

माझे यजमान लीगमधले सर्वांत वयस्कर खेळाडू. वय बासष्ट, जागा गोलकीपर. ग्रुपमध्ये सगळे त्यांना काका म्हणतात. इथेही तेच चालेल. त्यांना दरवर्षी शेवटच्या फेरीत घेतले जाते आणि घेतले की टाळ्या वाजतात. त्या टाळ्या कशाच्या, हे त्यांना कळते. ज्या सीझनची ही गोष्ट, त्याच्या आदल्या हिवाळ्यात कंपनीने त्यांची पोस्ट काढून टाकली होती. उजव्या गुडघ्याला सूज होती. आठवड्यातून एकदा घराबाहेर पडण्याचे ठरलेले कारण म्हणून त्यांच्याकडे शनिवार उरला होता.

त्या वर्षीची पहिली चिठ्ठी नागपूरच्या कॅप्टनला मिळाली. तो चाळिशीतला, एका बँकेत रिस्कचे काम करणारा, गप्पिष्ट माणूस. ड्राफ्ट त्याच्याच घरी होता. त्या दिवशी एक नवीन मुलगा आला होता. एकतीस वर्षांचा, फेब्रुवारीत कोल्हापूरहून सॉफ्टवेअरच्या कामासाठी आलेला, स्टेशनजवळच्या एका शेअर्ड घरात खोली घेऊन राहणारा. आमच्याशिवाय या देशात त्याच्या ओळखीचे कोणी नव्हते. फुटबॉल खेळतोस का, असे कोणीतरी विचारले. खेळायचो, पेठेच्या टीमला, सात वर्षं, असे तो म्हणाला.

सगळे त्याच्याकडे वळले. कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे काय, हे मराठी माणसाला सांगावे लागत नाही. कॅप्टनने लगेच त्याला निवडले आणि नऊ नंबरचा शर्ट त्याच्या मांडीवर ठेवला. नऊ नंबर म्हणजे पुढे उभे राहून गोल मारणारा. मुलाने शर्टाकडे पाहिले, काहीतरी बोलण्यासाठी तोंड उघडले आणि मिटले. तू कुठल्या जागेवर खेळायचास, हे कोणी विचारले नाही. मीही विचारले नाही. शेवटच्या फेरीत त्याच टीमने काकांना घेतले. टाळ्या वाजल्या.

पहिल्या सामन्यात त्याने तीन सोप्या संधी घालवल्या. दुसऱ्या सामन्यात गोलकीपर पडलेला असताना, समोर रिकामे जाळे असताना, चेंडू कुंपणावरून शाळेच्या पार्किंगमध्ये मारला. तो पळायचा भरपूर. पण चेंडू पायाशी आला की एक क्षण थबकायचा, जणू तो हातात कधी घ्यायचा याचीच वाट पाहत होता. हे वाक्य मला आता सुचते. तेव्हा मी लिहिले होते: “सातव्या मिनिटाला रिकामा गोल. चेंडू पार्किंगमध्ये.”

मैदानाच्या कडेला आमचे प्रेक्षक घडीच्या खुर्च्यांवर बसतात. बायका, मुले, सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेले आईवडील, थर्मासमधला चहा, डब्यात चिवडा. पहिले दोन आठवडे त्यांनी समजून घेतले. हवा थंड आहे, बूट नवीन आहेत, मुलगा घाबरतो आहे. तिसऱ्या शनिवारी कोणीतरी म्हणाले, “तांबडा रस्सा मागितला होता, पांढरा आला,” आणि ते वाक्य चिकटले. त्यानंतर तो चुकला की कडेने नुसते “पांढरा” ऐकू यायचे. कॅप्टनच्या आई नागपूरहून आलेल्या होत्या. खेळातले त्यांना फारसे कळत नसे, पण मत असे. “काय करून राहिला हा पोरगा? याच्यापेक्षा आमचा दूधवाला बरा मारंल.” मुलगा वळून हसायचा. हाफटाइमला त्यांचाच थर्मास उघडून त्यांना चहा ओतून द्यायचा.

कॅप्टन तोंडावर काही बोलला नाही, पण ग्रुपवर बोलायचा. माझ्या रिपोर्टमधल्या ओळी तो कॉपी करून पुन्हा टाकायचा, खाली हसरे चेहरे यायचे. मी लिहिलेले खरे होते. एकही शब्द जास्तीचा नव्हता. त्या ओळी मुलाला टोचण्यासाठी इतक्या सोयीच्या का होत्या, हे मी तेव्हा पाहिले नाही.

सहाव्या शनिवारी आमचा सामना संपला होता आणि लहान मुले पेनल्टी मारत होती. त्यांनी कोल्हापूरच्या मुलालाच गोलमध्ये उभे केले होते. तो प्रत्येक चेंडू सोडत होता आणि मुले खूश होती. तेवढ्यात शेजारच्या मैदानावरून एक चेंडू जोरात, कमरेच्या उंचीवर, सरळ खुर्च्यांच्या रांगेकडे आला. कॅप्टनच्या आई पाठमोऱ्या, हातात कप. कोल्हापूरचा मुलगा दोन पावले आडवा पळाला आणि झेपावला. चेंडू आधी दोन्ही तळव्यांत, मग छातीशी, मग खांद्यावर लोळण, आणि तो उठून उभा. चहा सांडला नाही. आजींना काही कळलेही नाही.

असे पडायला शिकावे लागते. मी सव्वीस वर्षे एका गोलकीपरचे सामने पाहिले आहेत. मी त्याच्याजवळ गेले आणि विचारले, “तू सातही वर्षं गोलमध्येच होतास?”

तो गुडघ्यावरचे, कृत्रिम गवतातले काळे रबरी दाणे झटकत राहिला. मग म्हणाला, “व्हय काकू. लिहू नका.”

मग त्याने सांगितले. ड्राफ्टच्या दिवशी शर्ट मांडीवर आला तेव्हा तो बोलणारच होता. इतके लोक आनंदाने बघत होते म्हणून घरी जाऊन कॅप्टनला फोन करावा असे ठरवले. पण त्याआधीच काकांना घेतले आणि टाळ्या वाजल्या. दुसऱ्या दिवशीच्या प्रॅक्टिसला काका सगळ्यांच्या आधी येऊन एकटेच जाळी बांधत होते. ती बांधून झाल्यावर त्यांनी खांबाला हात लावून तो कपाळाला लावला. ते त्याने पाहिले. त्याच्या पेठेत रीत अशी, की नवा गोलकीपर कधीच जागा मागत नाही. जुना स्वतःचे ग्लोव्ज स्वतःच्या हाताने देतो. त्याला ते मिळायला तीन वर्षे लागली होती. ती तीन वर्षे त्याने गोलमागे उभे राहून चेंडू आणून दिले होते.

“मागायचे नसतात,” तो म्हणाला. “आणि काकांकडनं तर नाहीच.”

मी त्याला विचारले, लोक इतके बोलतात त्याचे काय. त्याने खांदे उडवले. सामन्यात आपल्या बाजूचा चुकला की कोल्हापुरात यापेक्षा वाईट बोलतात, म्हणाला. पण इथे घरी गेल्यावर दुसरे बोलायला कोणी नसते, त्यामुळे तेच कानात राहते.

मी लिहिले नाही. यजमानांनाही सांगितले नाही. आठवडाभर गप्प राहिले, याची नोंद करायला हवी, कारण इतरांच्या चुका मी मिनिटासकट नोंदवल्या आहेत. नियम पाळल्याचे मी स्वतःला सांगत होते: त्याने नको म्हटले होते. खरे कारण घरात होते. काकांना तो शनिवार सोडावा लागला तर सोमवार कसा जाईल, हे मला माहीत होते.

सातव्या शनिवारी गुडघ्यामुळे काकांना खाली बसता आले नाही आणि दोन चेंडू त्यांच्या पायांजवळून आत गेले. कडेने कोणी काही बोलले नाही. काकांना कोणी बोलत नाही. दुसऱ्या टोकाला मुलगा एकदा चुकला, आणि सामना हरल्याचा सगळा राग त्याच्यावर निघाला. कॅप्टनने ग्रुपवर लिहिले की पुढच्या वर्षी पहिल्या फेरीत माणूस घेण्याआधी त्याचा व्हिडिओ मागवायचा. हसरे चेहरे आले. थोड्या वेळाने मुलाचा मेसेज आला: शेवटच्या शनिवारी ऑफिसचे काम आहे, जमणार नाही, सगळ्यांना शुभेच्छा.

त्याचे ऑफिस शनिवारी बंद असते.

रविवारी सकाळी काका स्वयंपाकघरात पेपर पसरून जुन्या टूथब्रशने बूट साफ करत होते. मी त्यांच्यासमोर बसले आणि सगळे सांगितले. झेप, पेठ, रीत. त्यांनी ब्रश थांबवला नाही.

“मला माहिताय,” ते म्हणाले.

“कधीपासून?”

“दुसऱ्या प्रॅक्टिसपासून. कॉर्नरला माझ्या मागे उभा होता. हळूच म्हणाला, काका, एक पाऊल पुढं. फॉरवर्डला ते दिसत नाही.”

मी विचारले, “अहो, मग बोलला का नाहीत?”

त्यांनी दुसरा बूट उचलला. बराच वेळ त्याच्या तळव्यातले दाणे काढत राहिले.

“मला शेवटी घेतात, आणि टाळ्या वाजवतात. म्हटलं, एवढा एक सीझन होऊ दे. तो चुकतोय आणि त्याला लोक बोलतायत, ते मला ऐकू येत होतं. गोलमध्ये उभं राहिलं की कडेचं सगळं ऐकू येतं.”

मीही आठवडाभर तेच केले होते, आणि त्याआधी सहा आठवडे त्याहून वाईट. त्यांनी हात धुतले आणि मुलाला फोन लावला. पलीकडचे मला ऐकू आले नाही. ऑफिस वगैरे नंतर बघ, शनिवारी ये, माझ्याआधी ये, एवढे तीन आदेश देऊन त्यांनी फोन ठेवला.

शनिवारी आम्ही पोहोचलो तेव्हा जाळी बांधून झाली होती. टीम रिंगण करून उभी होती. काका त्या रिंगणात गेले, आपले ग्लोव्ज मुलाच्या हातात दिले आणि कॅप्टनला म्हणाले की आज हा गोलमध्ये. कॅप्टन गोंधळला. “काका, पहिला पिक आहे तो. पहिला पिक कोणी गोलमध्ये ठेवते का?” काका म्हणाले, “तू त्याला विचारलं होतंस, कुठे खेळतो?” कॅप्टनने आजूबाजूला पाहिले. ड्राफ्टच्या खोलीत असलेले सगळेच तिथे होते.

मुलगा पाया पडायला वाकला. काकांनी त्याचा दंड धरून त्याला मध्येच उभे केले. त्याचे डोळे भरले होते. हे मी दहा फुटांवरून पाहिले आणि रिपोर्टमध्ये घेतले नाही.

त्या दिवशी त्याने काय केले ते थोडक्यात. खालून आलेले, वरून आलेले, दोन माणसांच्या पायांतून अचानक निघालेले, एकही चेंडू आत गेला नाही. तो सतत बोलत होता. सीझनभर ज्याचा आवाज आम्ही ऐकला नव्हता, तो मागून सगळ्यांना नावाने हाका मारत डावीकडे, उजवीकडे सरकवत होता, आणि कॅप्टनही सरकत होता. एका अडवलेल्या चेंडूनंतर कॅप्टनच्या आईंनी माझ्याकडे वळून विचारले, “हे आधी काऊन नाही केलं याने?”

मी म्हणाले, “आम्ही विचारलं नाही, आजी.”

“मग तुम्ही काय लिहून राहिल्या होत्या एवढं?”

त्यांनी चिवड्याचा डबा माझ्यापुढे धरला.

शेवटची दहा मिनिटे उरली असताना काकांना पुढे पाठवले. नऊ नंबरचा शर्ट त्यांना पोटावर घट्ट होत होता. सामना अजून शून्य-शून्य होता. दोन मिनिटे उरली असताना मुलाने चेंडू अर्ध्या मैदानापलीकडे फेकला, कॅप्टनने तो आडवा दिला, आणि काका जाळ्यासमोर एकटे होते. त्यांनी पाय मागे नेला. चेंडू कुंपणावरून पार्किंगमध्ये गेला.

काकांना कोणी बोलत नाही, हा जुना नियम होता. मग गोलमधून, मैदानाच्या त्या टोकाकडून, मुलगा ओरडला, “काका, पांढरा!” आणि आधी काका हसले, गुडघ्यावर हात ठेवून, वाकून, बराच वेळ. मग बाकीचे.

घरी जाताना ट्रॅममध्ये त्यांनी पाय समोरच्या रिकाम्या सीटखाली लांब केला होता. गुडघा सुजला होता. पुढच्या ड्राफ्टला आपले नाव नको, असे ते म्हणाले. जाळी बांधायला येईन, आणि मुलाला कॉर्नरचे दोन-तीन प्रकार अजून नीट येत नाहीत, ते बघायला हवेत. मी फोनवर रिपोर्ट लिहीत होते. त्यांनी काय लिहिते म्हणून विचारले. मी वाचून दाखवले: “अठ्ठावन्नाव्या मिनिटाला चार यार्डांवरून रिकामा गोल. चेंडू पार्किंगमध्ये.”

“तीन,” ते म्हणाले. “चार नाही. तीन होते.”

मी दुरुस्ती केली आणि रिपोर्ट पाठवला.