चारीच्या टोकाची एमेरिता

एमेरिता सिएस्केन कुणी दिलेली वस्तू आधी हुंगायची आणि मगच हातात घ्यायची. माझ्या लग्नात मी स्वतः वाढलेले बदकाचे मटण तिने माझ्या तोंडादेखत हुंगले होते. आमच्या साउसाल गावात कुणाला त्याचा राग येत नसे. ती मक्याची चिचा, म्हणजे आंबवलेली दारू, करून विकायची. चिचा तयार झाली की आमच्याकडे घरावर काठी उभारून पांढरे फडके लावतात. तिचे फडके दिसले की शेजारच्या गावांतली माणसे गाढवे जुंपून निघत. तिच्या चिचेचे मर्म पाण्यात होते. आमच्या वाळवंटी मुलखात एक विहीर गोड, तर दुसरी खारट. जरा खारट पाणी पडले की चिचा नासते. म्हणून दर हंगामात ती सगळ्या विहिरींचे पाणी जिभेवर घेऊन पारखायची, आणि तिची जीभ कधी चुकल्याचे मला आठवत नाही.

मग सरकारने कालवा पुढे वाढवला. जिथे आमच्या आज्यांनी फक्त आल्गारोबोच्या काटेरी झाडांखालच्या शेंगा वेचल्या होत्या, त्या माळावर पाणी आले. पहिल्या दिवशी चारीतून पाणी येताना त्याच्यापुढे वाळलेला पाला आणि सरडे पळत होते, आणि आम्ही मोठी माणसे त्याच्या शेजारून चालत होतो, वरात निघाल्यासारखे. प्रत्येक घराला चार-चार हेक्टर नवी जमीन मिळाली. आमच्या चारीवर चौदा घरे होती. एमेरिताचा तुकडा अगदी टोकाला, सगळ्यांत खोलगट.

आता त्या जमिनीत काय पेरायचे? पाणी सोसायटीचा नियम असा होता की ज्याने त्याने अर्जावर पीक लिहून द्यायचे आणि पिकाप्रमाणे पाणी घ्यायचे. अख्ख्या चारीने भात लिहिले तर चारीचे दार हंगामभर उघडे राहणार. एकाने जरी दुसरे पीक लिहिले तरी सगळ्या चारीला पाळीने पाणी, म्हणजे भात मेलेच. तेरा घरांनी भात लिहिले. मीही लिहिले. स्वतःच्या शेतात पाणी साचलेले मी जन्मात पाहिले नव्हते, ते पाहायची हाव मला सुटली होती. अर्जाचा शेवटचा दिवस रविवार, आणि एमेरिताचा कागद कोरा.

गुरुवारी तिचा चुलत दीर बाल्दोमेरो फार्रोन्यान तिच्या दारात आला. त्याचे शेत तिच्या लगेच वरचे. हातात ताजे मासे होते. मी तिथेच चिचा पीत बसलो होतो.

"वहिनी, मासे आणलेत."

"का?"

"का म्हणजे? खायला!"

"चौदा वर्षांत कधी आणले नाहीस. आज माशांना माझं घर कुणी दाखवलं?"

बाल्दोमेरो माझ्याकडे बघून हसला. "बघ हिचं! अगं, भात लिही म्हणून सांगायला आलोय. तुझा अर्ज मी भरून देतो, तू फक्त अंगठा लाव."

"मला सही येते. आणि वरच्या तेरा घरांच्या भातातलं पाणी जाणार कुठं?"

"पिकात जाईल, अजून कुठं?"

"सगळं?"

"वहिनी, पाणी आहे, जावई नाही. कशाला त्याच्यावर नजर ठेवतेस?"

तिने मासे परत दिले. तो गेल्यावर मला म्हणाली, "माझी जमीन बुडवून स्वस्तात घ्यायची आहे याला." मला तसे वाटले नाही. पण तिचा संशय एकदा बसला की मुंगळ्यासारखा चिकटायचा.

शुक्रवारी पहाटे ती आपल्या तुकड्यात कुदळ घेऊन उतरली. दोन दिवस एकटीने खणत होती. येणारे-जाणारे विचारत, "मावशी, खजिना पुरलाय का?" ती म्हणे, "असला तर तुला कशाला सांगू?" हात-हातभर खाली गेली की ती चिमूटभर माती जिभेवर ठेवी, थुंके, पुढे खणे. शनिवारी दुपारी ती छातीभर खोल खड्ड्यात होती आणि तळाची माती ओली, काळी झाली होती. तिने ती चाखली, थुंकली आणि कुदळ काठावर टाकून वर चढली.

रविवारी सभेत तिने कागद ठेवला: पिंगट कापूस आणि पल्यारच्या घेवड्यासारख्या शेंगा.

एकदम गलका झाला. "तेरा घरांचं वाटोळं करतेस!" "तो पिंगट कापूस घेणार कोण?"

"कुणी नाही घेतला तर उशीत भरीन," ती म्हणाली. "खाली मीठ आहे. वर पाणी साचलं की मीठ चढणार. आधी माझ्याकडे, मग तुमच्याकडे. आधी पाणी काढून द्यायला चर खणा, मग मी भात लिहिते."

"तुला कुणी सांगितलं?"

"माझ्या जिभेनं."

लोक हसले. पण नियम नियमच होता. चारीला पाळी लागली. आठवडाभरात नवे पीक लिहून द्यायचे ठरले. त्या आठवड्यात तिच्या घरावर फडके फडफडत होते आणि अंगणात एकही माणूस नव्हता. मीही गेलो नाही. तिची चिचा आंबट होऊन गेली, ती तिने डुकरांना घातली.

गुरुवारी बाल्दोमेरो तिला खोटे पाडायला निघाला. चार माणसे साक्षीला घेतली, त्यात मी. त्याने आपल्या शेताच्या खालच्या टोकाला खड्डा खणला, माती तोंडात टाकली आणि लगेच थुंकली. दुसरी चिमूट घेतली. मग फावडे तिथेच टाकून बांधावर बसला. आम्हीही एकेकाने चाखले. समुद्र चाटल्यासारखे वाटले.

संध्याकाळी तो तिच्या दारात गेला. मागे आम्ही.

"वहिनी, कापसाचं बी आहे का?"

"आहे. पण कशाला हवंय?"

"पेरायला."

"इतक्यात पटलं तुला?"

"माती चाखली मी."

तिने त्याला खालीवर न्याहाळले. "नेशील, घरी जाऊन उकडशील आणि उगवलं नाही म्हणून गावभर बोंब मारशील."

"वहिनी!"

"बी देते. पण पेरताना मी बांधावर उभी राहणार."

सोमवारी ती खरोखरच उभी राहिली. डोक्यावर शाल, हातात काठी. बाल्दोमेरो एकेक सरी भरत गेला आणि ती त्याच्या प्रत्येक मुठीतले दाणे पाहत राहिली. पुढच्या बांधापलीकडे मीही तिचेच बी पेरत होतो, तिथेही ती आली.