सोमाच्या रायफलीचा ब्रीच ब्लॉक

माझी पोस्टिंग कुपवाड्याच्या वरच्या एका पोस्टवर होती. ट्रेड आर्मरर, रँक हवालदार. रायफली दुरुस्त करणं हे माझं काम. बटालियनचं हेडक्वार्टर खाली, पायी दोन दिवसांवर.

इन्सास रायफल तेव्हा येऊ लागली होती, पण आमच्याकडे अजून एसएलआरच होती. सेल्फ लोडिंग रायफल. ट्रिगर दाबला की एक गोळी सुटते, पुढची आपोआप भरली जाते. मूळ डिझाइन बेल्जियमचं. इंग्रजांनी ते घेतलं, मिलिमीटरचे इंच केले आणि धडाधड गोळ्या सोडायची सोय काढून टाकली. आपल्या लोकांनी परदेशी रायफली उघडल्या, मोजल्या आणि दोन्हींवरून आपली बनवली. तिचं नाव वन ए वन. बाहेरून तिघी सख्ख्या बहिणी. आत मापं निराळी.

या घराण्याची एक खोड आहे. गोळीला मागून बंद करणारा जो लोखंडी ठोकळा, तो ब्रीच ब्लॉक. तो ज्या रायफलीला मोजून बसवला, तिचाच राहतो. त्याच्यावर रायफलीचा नंबर असतो. दुसरीचा घातला तर गोळीच्या मागं केसाएवढी जागा जास्त राहू शकते. त्या जागेत गोळीची पितळी नळी, म्हणजे केस, फाटते. म्हणून ब्लॉक बदलला की गेज लावून मोजायचं. हा नियम मी स्वतः शिकवायचो.

नाईक सोमा गवारी आमच्याच पोस्टवर. तो डिंभ्याच्या वरच्या वाडीतला, मी निरगुडसरचा. दोघं आंबेगावचे, म्हणून जवळीक. एका सकाळी तो रायफल घेऊन आला. ब्लॉकला चीर गेली होती.

"उस्ताद, उद्या गस्तीला जायाचं हाये."

"गेज खाली हेडक्वार्टरला आहे. मोजता येणार नाही."

"मंग मी काय काठी घिऊन जाऊ? लाव राव काय आसंल ते."

स्टोअरमध्ये मोडीत काढलेली एक जुनी एसएलआर होती. तिचा ब्लॉक मी काढून बसवला. तीन राउंड फायर करून पाहिले. तिन्ही सुटले. रायफल मी त्याच्या हातात दिली. नको म्हणायला हवं होतं.

गस्तीची तुकडी ०५३० ला निघाली. आठ जण. ०७१० ला रेडिओ बोलला.

"कॉन्टॅक्ट. नाल्यात. ओव्हर." म्हणजे समोरासमोर गाठ पडली, गोळीबार सुरू.

पोस्ट कमांडरनं विचारलं, "कॅज्युअल्टी?"

"वेट. आउट."

०७२५ ला पुन्हा आवाज आला. "वन कॅज्युअल्टी. नाईक सोमा. ओव्हर."

त्याच्या शेजारी सिग्नलचा जवान होता, त्यानं नंतर सगळं सांगितलं. सोमानं पाच गोळ्या चालवल्या. सहावी भरेना. त्यानं दोनदा कॉकिंग हँडल ओढलं. मग गोळ्यांनी भरलेल्या मॅगझिन काढून त्या जवानाकडे सरकवल्या, म्हणाला, "तू मागं हो." आणि हातातला ग्रेनेड फेकायला तो उठला.

दुपारी रायफल माझ्या टेबलावर आली. चेंबरमध्ये, गोळी बसते त्या जागी, फाटलेल्या केसचा पुढचा अर्धा भाग अडकला होता; म्हणून सहावी भरली नव्हती. तो काढायचं हत्यार माझ्या पेटीत होतं. मी काढला. त्याच दिवशी लिहून दिलं: ब्लॉक मी बदलला, गेज लावला नाही. चौकशी झाली. साहेब म्हणाले, परिस्थिती तशी होती. मला ताकीद मिळाली. पुढं नोकरी पूर्ण करून मी पेन्शनवर आलो.

सोमाच्या घरी मात्र गेलो नाही. निरगुडसरहून डिंभं काही लांब नाही. गेलो नाही.

यंदा दिवाळीनंतर गेलो. एसटी आली नाही, तेव्हा जीपनं. सोमाची बायको, हौसावहिनी, ओट्यावर नाचणी पाखडत होत्या. मी ओळख सांगितली.

"भावजी, लई वर्सांनी. आमाला वाटलं, तुमी आमच्यात येत न्हाई."

मी बसलो नाही. उभ्यानंच सगळं सांगितलं. ब्लॉक, गेज, फाटलेली केस. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"म्हंजी तुमच्या हातून झालं."

"हो."

"त्यांनीच लावाया सांगितलं व्हतं ना?"

"सांगितलं होतं. पण कळत मला होतं, त्याला नाही."

त्यांनी खाली डिंभ्याच्या धरणाकडे पाहिलं. मग विचारलं, "लई तळमळले का?"

"नाही. गोळी गळ्याला लागली. सिग्नलवाला पोरगा शेजारीच होता. दहाबारा श्वास, तेवढेच."

"ह्ये खरं, का मला बरं वाटावं म्हनून?"

"वहिनी, रायफलीचं लपवलं नाही. मग हे खोटं कशाला सांगू?"

त्यांनी डोळ्यांना पदर लावला. मग आत जाऊन पाण्याचा तांब्या आणला आणि बसा म्हणाल्या.

नाईक सोमा गवारी. वय एकतीस. त्याच्या मॅगझिन घेऊन सिग्नलचा जवान आणि बाकीचे सहा जण त्या दिवशी परत आले.