मधलं दार

फोन आला तेव्हा मी मंदाताईच्याच घरी होतो, तिच्या सशांना दाणापाणी द्यायला. एका हातात सांभाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी होती आणि दुसरा हात मधल्या दाराच्या कडीवर. दवाखान्यात माझी बायको तिच्यापाशी बसली होती, म्हणजे फोन तिचाच असणार आणि कशाचा असणार, हेही कळलं होतं. तरी मी आधी कडी लावली, नीट बसली का ते ओढून पाहिलं, आणि मगच फोन घेतला. ताई गेली होती... महिना होऊन गेला, पण त्या दिवसातलं मला दुसरं काही धड आठवत नाही. कडी मात्र आठवते. त्या घरात शिरणाऱ्या प्रत्येकाला ताईनं ही शिस्त लावली होती. आधी दार, मग बाकी सगळं.

मंदाताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. एका शाळेच्या ऑफिसात तिची सगळी नोकरी झाली. मूलबाळ नव्हतं. शहराबाहेर वाडीला, ट्रकच्या वर्दळीपासून थोडं आत, दोन खोल्यांचं घर होतं. पुढे हॉल, त्याला लागून इवलंसं स्वयंपाकघर, मागे झोपायची खोली आणि मध्ये हे दार. भाऊजी हर्नियाच्या ऑपरेशनला स्वतःच्या पायांनी चालत गेले, चपला कॉटखाली नीट लावून ठेवल्या, आणि टेबलावरच त्यांचं हृदय थांबलं. चूक कुणाचीच नव्हती. पण ताई त्या दिवसानंतर मिटून गेली. मी संध्याकाळी जायचो तर घरात दिवाही लावलेला नसायचा.

तेव्हा तिला ससे आणून देण्याची अक्कल माझी. रविवारच्या बाजारात गेलो तर विकणारा म्हणाला, एकटा ससा झुरतो, जोडीनं न्या. त्या दिवसांत मला ताईच्या एकटं राहण्याची इतकी धास्ती बसली होती की मी पुढचं काही विचारलंच नाही. दोन्ही माद्या आहेत, असं तो छातीठोकपणे म्हणाला आणि मी मान डोलावली. सव्वा महिन्यानं ताईचा फोन आला, "विनू, सोफ्याखाली कापूस काहून पडून राहिला गा?" जाऊन पाहिलं तर तो कापूस नव्हता. दोघांतल्या पांढरीनं स्वतःच्या छातीचे केस उपटून घरटं केलं होतं आणि त्यात बोटाएवढी सहा गुलाबी पिल्लं वळवळत होती. दोघांना त्याच दिवशी वेगळं करायला हवं होतं, पण आम्हाला कुठलं माहीत? बाळंतिणीपाशी बाप बसलाय म्हणून आम्ही कौतुकच केलं. बरोबर महिन्यानं आणखी पाच!

ताई किती तरी दिवसांनी हसली, ते या अकरा पिल्लांपायी. रामटेकच्या मावसभावापासून शाळेच्या शिपायापर्यंत सगळ्यांच्या गळ्यात तिनं एकेक पिल्लू बांधलं. आई-बाप मात्र ठेवून घेतले. नराचं नाव रावसाहेब, कारण तो घरभर स्वतःची हद्द आखत फिरायचा आणि सोफ्याचा एकही कोपरा त्यानं कोरडा ठेवला नव्हता. पांढरी मादी चंपा. जनावरांच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण स्पष्ट बोलायच्या. नर-मादी असे एका घरात ठेवता येणार नाहीत, निदान नराचं तरी लहानसं ऑपरेशन करून घ्या, म्हणाल्या. ताईनं टोपली उचलली आणि सरळ बाहेर आली. रिक्षात बसल्यावर भाऊजींच्या आठवणीनं एवढंच म्हणाली, "यायचंही लहानसंच सांगतलं होतं."

मी रिक्षावाल्याला निघायला सांगितलं. ताईशी बोलायला हवं होतं.

त्या दिवसापासून मधल्या दाराला कडी लागली आणि तिनं आपलं सगळं आयुष्य त्या दाराभोवती मांडलं. सकाळी रावसाहेब हॉलमध्ये, चंपा मागे. दुपारी अदलाबदल, तीही एकाला टोपलीखाली झाकून. पाहुणा आला की त्याला उंबऱ्यातच थांबवून, मधलं दार नुसतं लोटलेलं तर नाही ना, ते आधी बघून यायची. मी एकदा चेष्टेनं म्हटलं, ताई, तू तर लेडीज होस्टेलची वॉर्डन झालीस. तिला ते आवडलं. मे महिन्यात खरी पंचाईत व्हायची. सशांना ऊन सोसत नाही, आणि दार बंद असल्यामुळे एका कूलरचा वारा दोन्ही खोल्यांत जात नाही. मग पाण्याच्या बाटल्या बर्फासारख्या गोठवून, ओल्या फडक्यात गुंडाळून ती कूलर नसलेल्या खोलीत ठेवायची. ससा त्या बाटलीला टेकून पडायचा आणि ताई फरशीवर, त्याच्याशेजारी. दाराखाली दोन बोटांची फट होती. दोन्ही ससे फटीच्या अलीकडे-पलीकडे नाकं लावून बसायचे. ते पाहून तिचा जीव तुटायचा. मीच या दोघायची ताटातूट केली, म्हणायची. पण ऑपरेशनचा विषय निघाला की उठून स्वयंपाकघरात जायची. अशी तीन वर्षं गेली.

या वर्षी होळीच्या सुमारास सिलिंडर बदलायला माणूस आला आणि त्या गडबडीत मधलं दार पाच मिनिटं उघडं राहिलं. पाच मिनिटं पुरली. महिन्यानं चंपा व्याली, ती पार थकून. एकही पिल्लू जगलं नाही. आता पुन्हा दिवस गेले तर ही वाचणार नाही, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तेव्हा ताईनं चंपाच्या पाठीवरून हात फिरवला. मग म्हणाली, करून टाका त्याचं ऑपरेशन.

त्याच्या ऑपरेशनची सकाळ मी विसरणार नाही. प्लास्टिकच्या खुर्चीवर रावसाहेबाचा टॉवेल छातीशी धरून ती चार तास बसली. पाणी प्यायली नाही. तिचं वजन उतरलेलं, डोळ्यांखाली काळं आलेलं मला दिसत होतं. आधीही दोनदा विचारलं होतं, तर उन्हाळा आहे म्हणाली होती आणि मी ऐकलं होतं. दुपारी रावसाहेब शुद्धीवर आला, गुंगीतच तोंड हलवत सांभाराची एक काडी त्यानं ओढली. ताई त्याच्याकडे बघतच राहिली. "इतकंच होतं काय गा?" तिनं मला विचारलं. घरी येताना रिक्षात, टोपली मांडीवर घेऊन, रस्त्याकडे पाहत ती म्हणाली, "विनू, मलेही दाखवाचं आहे. आठ महिने झाले, अंगावरून जाऊन राहिलं."

पाळी जाऊन बारा वर्षं झालेली बाई आठ महिने हे अंगावर काढते आणि धाकट्या भावाला उन्हाळा सांगते! मी तिच्यावर चिडलो, रिक्षातच चिडलो. ती म्हणाली, ऑपरेशन सांगतील म्हणून गेले नाही. आता सांगू दे, मी तयार आहे... दवाखान्यात तिनं डॉक्टरांना स्वतःहून विचारलं, कधी करता? त्यांनी मला बाहेर बोलावलं. गर्भाशयातून रोग सगळीकडे पसरला होता. ऑपरेशनचा आता उपयोग नव्हता.

नराला ऑपरेशननंतरही दीड महिना वेगळं ठेवायचं असतं. तेवढे दिवस ती दवाखान्यातल्या कॉटवर बोटांनी मोजत होती. मी निघताना रोज बजावायची, दार उघडू नको, मी आल्यावर उघडू. पाचवा आठवडा संपता संपता ती गेली.

दीड महिना कधीच उलटून गेला. मी रोज जायचो, अदलाबदल करायचो, कडी ओढून पाहायचो. तिनं सांगितलं होतं ना, मी आल्यावर. शेवटी गेल्या रविवारी मी ती कडी काढली. चंपानं पाय आपटला. रावसाहेब जागचा हलला नाही. मी टॉवेल हातात घेऊन तयारीत बसलो, भांडतील म्हणून. बराच वेळ दोघं नुसती एकमेकांचा वास घेत राहिली. मग चंपा पुढे आली आणि त्याच्या अंगाला अंग लावून, दाराच्या बरोबर मधोमध पसरली. ज्या जागी तीन वर्षं फटीतून नाकं लावली, तिथेच दोघं झोपली. हे बघायला जिनं असायला हवं होतं, तीच तेवढी नव्हती. मी फरशीवर बसून रडलो.

निघताना सवयीनं हात कडीकडे गेला. दार लोटायला जागाच नव्हती, दोघं आडवी पडलेली. तसंच उघडं ठेवून आलो. ताईचं मी आयुष्यभर ऐकत आलो. हे दाराचं एवढं एकच ऐकलं नाही, आणि तेही असं उशिरा.