लान्सीनं सांगितलेला सिनेमा

लान्सी तुस्कानो हा वसईचा माणूस बहारीनला, मनामाच्या एका हॉस्पिटलात एक्स-रे काढायचा आणि शुक्रवारी दुपारी स्टाफ क्लबात सिनेमा दाखवायचा. नुसता दाखवायचा नाही, सांगायचाही. रिळं यायची ती बहुतेक परदेशी, खाली अरबी अक्षरं. स्टोअरमधला नजीब ती वाचून त्याच्या कानात हिंदीत सांगायचा आणि लान्सी माइकवरून मराठीत. पडद्यावर कुणी मेलं की हा माइकवरच डोळे पुसायचा. वसईच्या नर्सेस पडदा सोडून त्याच्याकडेच बघत बसत.

माणूस गोड होता, पण मला त्याचा राग यायचा. अजून येतो. बायको बर्था तिकडे वसईला अकरा वर्षं त्याच्या अंथरुणाला खिळलेल्या आईचं करत होती आणि हा इथे सनाबिस वस्तीतल्या खोलीत नर्स टेरेसाबरोबर राहत होता. सगळ्यांना ठाऊक, सगळे गप्प. मीही गप्पच. फुकटचा सिनेमा कुणाला नको होता?

१९७९ साली आई वारली आणि बर्था व्हिजिट व्हिसावर आली. त्याआधी चार दिवस टेरेसा बॅग उचलून हॉस्टेलवर गेली होती. हॉस्पिटलच्या ऑफिसात व्हिसाचे कागद माझ्याकडे असत. लान्सी माझ्याकडून फॅमिली व्हिसाचा फॉर्म घेऊन गेला. "शैलेंद्र, आता संसार इथंच. बर्थाची सही झाली की खलास!" त्याला ते मनापासून हवं होतं, एवढं मी मान्य करतो.

त्या शुक्रवारी इटलीचा एक जुना सिनेमा लागला. महायुद्ध संपल्यावर लगेच काढलेला, एका कादंबरीवरचा, गोष्ट त्याहून शंभर वर्षं आधीच्या काळातली. सरदार लढाईवर जातो, बायको वाट बघते, तो परक्या गावात दुसरीबरोबर राहतो आणि शेवटी घरी परततो. बर्था नवी साडी नेसून पहिल्या रांगेत बसली होती. टेरेसा मागे दाराशी. परक्या गावातल्या बाईला लान्सीनं सरदाराची बहीण करून टाकलं, तेव्हाच आम्ही एकमेकांकडे बघितलं.

शेवटी सरदार बायकोपुढे गुडघे टेकून बोलू लागला. नजीब कुजबुजला, "बोलता है, उधर एक औरत के साथ रहा."

लान्सीनं पहिल्या रांगेकडे बघितलं. मग माइकवर म्हणाला, "तो म्हणतो, तुझ्या आठवणीवर दिवस काढले."

पडद्यावर सरदाराच्या बायकोनं बोटातली अंगठी काढून भिरकावली आणि हंबरडा फोडला.

"मग ती रडते कशाला?" कुणीतरी विचारलं.

"आनंदानं," लान्सी म्हणाला. लोक हसले.

"पुस्तकात तसं नाही," बर्था बसल्या जागेवरून बोलली. आवाज चढवला नाही. "पुस्तकात तो खरं सांगतो. म्हणून ती अंगठी परत घालते."

ती कादंबरी मराठीत आली होती. चर्चच्या लायब्ररीतून आणून बर्थानं ती सासूला दोनदा वाचून दाखवली होती. बायको काय वाचते, हे या गृहस्थानं अकरा वर्षांत एका पत्रातही विचारलं नव्हतं. पडद्यावर सरदाराची बायको खाली वाकून अंगठी शोधत होती. लान्सीनं माइक बंद केला.

सोमवारी बर्था माझ्या टेबलाशी आली आणि फॉर्म पुढे ठेवला, सहीची जागा कोरी.

"भाऊ, टेरेसाचं मला चार वर्षांपूर्वीच कळलं होतं. वसईत काय झाकून राहतं? त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगितलं तर राहायचं, असं ठरवून आले होते."

"अजून सांगेल तो," मी म्हणालो. काहीतरी बोलायला हवं होतं.

"दुसऱ्याच्या तोंडचं खरंसुद्धा त्याला सांगवलं नाही," ती म्हणाली. "तुम्हाला ठाऊक होतं ना, भाऊ?"

मी फॉर्म उचलून फायलीत लावला.