कडी लावून घेतलेला तास

मोहाडीकडच्या आमच्या शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या बाई वस्तूला हात लावल्याशिवाय तिचं नाव घेत नसत. बाकावर थाप मारून 'बेंच', गज धरून 'विंडो'. "ज्याले नाव हाय, थे नाम," एवढंच त्यांचं व्याकरण.

त्या दुपारी शाळेमागच्या शेतात, धानाच्या बांधीत वाघ दिसल्याचा फोन आला. बाईंनी तिसरीच्या वर्गाला आतून कडी घातली आणि नामं शिकवणं चालूच ठेवलं. माझा तास नव्हता, म्हणून मीही आत दाराला पाठ लावून उभा होतो.

एका पोरीने विचारलं, "बाई, टायगर पण नाम हाय का?"

 मी हात मागे नेऊन कडी चाचपली.

"हाय ना," बाई संथपणे म्हणाल्या. "आता घरच्या माणसांची नावं सांगा. थे बी नामच. हळू आवाजात."

वनखात्याची गाडी येईपर्यंत पोरं नावं सांगत राहिली. एकही रडलं नाही.

सगळी पोरं घरी गेल्यावर बाई माझ्याकडे आल्या. "सर, आमचे हे त्याच बांधीत धान कापाले गेले हायत. जरा फोन लावून द्या ना. माह्या हातानं नंबर दबून नाही राहिला."

पलीकडून त्यांच्या नवऱ्याचं "हॅलो" आलं, आणि बाई मटकन खाली बसल्या.