मूळ फाईल कुठं गेली?

ती घटना आठवली की आजही आधी घाम फुटतो, मग हसू येतं. धाराशिव जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. दुपारी कोर्टातून बोलावणं आलं. कुऱ्हाडीच्या मारहाणीच्या खटल्याची मूळ फाईल गायब होती आणि दुसऱ्या दिवशी निकाल होता. सह्यांचे जबाब, डॉक्टरांचा दाखला, सगळं त्यातच. हात कायमचा निकामी झालेला फिर्यादी व्हरांड्यात सुन्न बसला होता. जामिनावरचा आरोपी समोरच्या टपरीवर खुशीत चहा पीत होता.

न्यायाधीशसाहेब संतापले होते. "माझ्याकडे फाईल आलेलीच नाही," असं त्यांनी भर कोर्टात सांगितलं होतं. मला म्हणाले, "चोर शोधा."

वकिलाला मूळ फाईल पाहायची तर अर्ज करावा लागतो आणि कारकुनासमोर बसूनच ती वाचावी लागते. कागद बाहेर नेता येत नाही. तेवढ्यात खबर आली, आरोपीचे वकील लाल कापडातलं गाठोडं घेऊन तुळजापूरच्या एसटीत चढले. कोर्टातल्या फायलीही लाल कापडातच बांधलेल्या असत. आम्ही जीप दामटली, येडशीला एसटी अडवली आणि पंचांसमोर गाठोडं सोडलं. आत हिरवी साडी, खण आणि नारळ.

शेजारी बसलेल्या वकिलांच्या पत्नी म्हणाल्या, "देवीची ओटी हाय. जप्त करता का?"

अख्खी एसटी हसली. मी नारळाला हात जोडून खाली उतरलो.

मग कोर्टातच, तळमजल्यावरच्या रेकॉर्ड रूममध्ये, फाईल सांभाळणाऱ्या बेंच क्लार्कला समोर बसवलं. पापभीरू माणूस.

"फाईल शेवटी कुणाच्या हातात होती?"

"वरच्याला माहीत, साहेब."

"देवाला मध्ये आणू नका. नोकरी जाईल तुमची."

"जाऊ द्या. पर वरच्यालाच विचारा."

दरडावलं, समजावलं, चहा पाजला. गडी ढिम्म. तेवढ्यात छतावर खुर्ची सरकल्याचा आवाज झाला आणि क्लार्क सवयीनं ताडकन उभा राहिला. माझ्या डोक्यात तेव्हा उजेड पडला. वर न्यायाधीशसाहेबांचं चेंबर होतं!

मी जिना चढून चेंबरमध्ये गेलो.

"साहेब, एकच जबाब राहिलाय."

"कुणाचा?"

"आपला."

ते माझ्याकडे बघतच राहिले. मग त्यांनी उठून कपाट उघडलं. निकाल लिहायला घेतलेली फाईल खालच्या कप्प्यात, कायद्याच्या पुस्तकांखाली दबली होती. त्यांनी क्लार्कला वर बोलावलं.

"तुम्ही सांगितलं का नाही?"

"भर कोर्टात तुम्ही न्हाय म्हणाले, साहेब. मंग म्या व्हय कसं म्हणू?"

साहेब आधी ओशाळले, मग मोठ्यानं हसले. क्लार्कचा हात धरून त्यांनी माफी मागितली. दुसऱ्या दिवशी निकाल लागला आणि आरोपीला शिक्षा झाली.

भीतीपोटी गप्प बसलेला माणूस आणि गुन्हा लपवणारा माणूस चौकशीत अगदी सारखेच दिसतात, हे मला त्या दिवशी कळलं. पुढे कुठलीही वस्तू हरवल्याची तक्रार आली, की मी आधी तक्रारदाराचंच कपाट उघडायला लावायचो. बरेच जण रागवायचे. काही जण मात्र कपाट उघडून गुपचूप तक्रार मागे घ्यायचे.